हात बसायचे आठ दिवस

खरादी सर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी हाताकडे. कुणी ओळख करून दिली की ते हात पुढे करत आणि समोरच्याचा हात लवकर सोडत नसत. अंगठ्याने तळव्याचा फुगीर भाग चाचपत, बोटं जराशी उघडून बघत, आणि मग सोडत. आमच्या प्राचार्यांचा हात पहिल्याच दिवशी त्यांनी असा धरून ठेवला आणि सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "सर, तुमी मूळचे डावखुरे. शाळेत मारून बदलवलं तुमाले." प्राचार्य कानापर्यंत लाल झाले. गोष्ट खरी आहे हे आम्हाला त्यावरूनच कळलं. पुढे दोन वर्षं सरांना सकाळचा पहिला तास मिळत राहिला, त्याचं कारणही वेगळं शोधावं लागलं नाही.

मी अमरावतीच्या त्या खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉपला होतो. पॅटर्नमेकिंग, म्हणजे ओतकामासाठी लाकडाचे नमुने करणं, हे माझं खातं. प्रोफेसर लोक आम्हाला 'मास्तर' म्हणत आणि तो काही मान नव्हता. ती वऱ्हाडाला लागलेली वाईट वर्षं. कॉलेजात इमारत होती, मशिनं होती, मुलं मात्र दर सत्राला कमी होत. मधूनच एखादा मुलगा पंधरा दिवस दिसायचा नाही आणि मग मुंडण केलेल्या डोक्याने येऊन मागच्या बाकावर बसायचा. आम्ही काही विचारायचो नाही. बुडालेली हजेरी तेवढी लावून टाकायचो. त्याहून जास्त काय करावं हे कुणालाच कळत नव्हतं.

अशा दिवसांत हा माणूस बंगलोरची नोकरी सोडून आमच्याकडे आला. रऊफ खरादी, मूळ अकोल्याचे. विमानांच्या एका प्रयोगशाळेत चौदा वर्षं काढलेली. सोन्यासारखी नोकरी सोडून इथे धूळ खायला कोण येतो, यावर स्टाफरूममध्ये महिनाभर चर्चा झाली. कुणी म्हणे काढलं असेल, कुणी म्हणे काहीतरी भानगड असेल. त्यांना विचारलं तर "अब्बा थकले" एवढंच सांगत. आम्ही ते खरं मानलं नाही, आणि ते अर्धंच खरं होतं हे मला फार उशिरा कळलं.

माझ्याकडे ते आले ते लाकडाच्या वासाने. तुकड्यांच्या ढिगात हात घालून एकेक तुकडा मुठीत धरून बघायला लागले. सागवान बाजूला टाकलं. दिसायला चांगलं, पण घाम आला की घसरतं, म्हणाले. मुठीला धावडा हवा, निदान बाभूळ. माझ्याकडे धावडा नव्हता. पुढच्या सोमवारी अकोल्याहून येताना ते स्वतःच धावड्याचा हातभर ओंडका पिशवीत घालून घेऊन आले आणि माझ्या स्टुलावर बसले. प्रोफेसर माझ्या स्टुलावर बसल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीतला चहा आमचा एकत्र.

बंगलोरला नेमकं काय करत होता, असं मी विचारलं. "मुठी करत होतो," ते म्हणाले, "बापानं इळ्याच्या केल्या, मी विमानाच्या." मग त्यांनी ते मला समजेल असं सांगितलं. लढाऊ विमान चालवणाऱ्याच्या उजव्या हातात विमान वळवायचा दांडा असतो, डाव्या हातात इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा. बाकीची महत्त्वाची सगळी बटणं याच दोन मुठींवर बसवायची, कारण त्याला हात काढायची सवड नसते आणि खाली बघायची तर नसतेच. नजर बाहेर. मग बटणं ओळखायची कुणी? बोटांनी. म्हणून एक बटण गोल, एक खाचांचं, एक खोलगट. बोटाला अंधारात आपलं घर सापडलं पाहिजे, असं ते म्हणत. वर हातात जाड चामड्याचा दस्ताना. आणि विमान जोरात वळलं की स्वतःचाच हात सहासात पट जड होतो. बटण बोटभर लांब असलं तरी मग ते कोसभर लांब.

हे पोरांना पटावं म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. सरकीने भरलेल्या दोन थैल्या ते वर्गात आणत. एखाद्या दांडग्या पोराच्या मनगटांना त्या गमछाने बांधत, डोळ्यांवर रुमाल बांधत आणि म्हणत, शर्टाची वरची गुंडी लाव. पोरगा घामाघूम. वर्ग हसून लोळायचा. हसणं थांबलं की सर हळूच विचारत, "आता याच्या हातून गुंडी सुटली, तं चूक कोणाची? याची, का शर्ट शिवणाराची?" पोरं ओरडत, शिवणाऱ्याची. सर फळ्याकडे वळत आणि बराच वेळ वळलेलेच राहत. मला वाटायचं, हा माणूस नाटक चांगलं करतो.

हात मोजायची त्यांची रीतही घरगुती. मळलेल्या कणकेचा गोळा हातात द्यायचा, दाबायला सांगायचं, आणि उमटलेल्या खोबणीत प्लास्टर ओतायचं. घरी गेलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाआधी गोळा मिळे. शाहीनभाभी कपाळावर हात मारून म्हणत की इस घर में रोटी कम, पंजे जास्त बनते. कपाटात प्लास्टरचे दीडदोनशे हात ओळीने मांडलेले होते. प्रत्येकावर नाव. माझाही होता. एका जागेवर नुसती चिठ्ठी होती, हात नव्हता. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'नितीन'. मी विचारलं तेव्हा म्हणाले, राहून गेला.

एका सुट्टीत त्यांनी मला अकोल्याला अब्बांचं दुकान दाखवायला नेलं. जुन्या शहरात गल्लीच्या तोंडाशी बोळासारखी जागा. आत लाकूड कातायचं खरादाचं यंत्र, भुसा, आणि भिंतीला टेकून उभी केलेली विळ्याखुरप्यांच्या मुठींची, रुमण्यांची रास. रुमणं म्हणजे वखराचा दांडा, बैलांमागून चालताना शेतकरी ज्यावर हाताचा भार देतो तो. रास धुळीने भरलेली होती. अब्बा दाराशी बसले होते. गिऱ्हाईक नव्हतं, आणि यायचंही नव्हतं. लोक बैल विकत होते. ज्या घरातून बैल जातो त्या घरातलं रुमणं पावसाळ्यात चुलीत जातं, असं अब्बा म्हणाले. मागच्याच आठवड्यात त्यांनी जळतणाच्या टालावर आपल्याच हातची तीन रुमणी ओळखली होती. विकत घेऊन परत आणावीत असं त्यांच्या मनात आलं, पण टालवाला हसेल म्हणून नुसतं बघून आले.

मला बरं वाटावं म्हणून मग ते धंद्याच्या गोष्टी सांगत बसले. गिऱ्हाइकाचा हात धरल्याशिवाय आपण मूठ कधी खरादली नाही, म्हणाले. आणि एक मोठा नियम. नवी मूठ नेलेला माणूस दुसऱ्या दिवशी हमखास परत येतो, इथे बोचते, तिथे रुतते म्हणतो. त्याची मूठ घ्यायची नाही. घासायची तर मुळीच नाही. "आठ दिन हात कू बैठने दो," अब्बा म्हणाले. आठ दिवसांत हातच मुठीसारखा होतो. घाईने घासलेली मूठ जन्मभर ढिली राहते. त्यांच्या बापाने त्यांना हे शिकवलं, त्यांनी रऊफला. सर तेव्हा दुकानाबाहेर पाठ करून उभे होते. मी म्हणालो, ऐकताय ना सर, अब्बा काय म्हणतात. त्यांनी मान हलवली, वळले नाहीत.

मी राहायचो बडनेऱ्याला. सर दर रविवारी बसने बडनेऱ्याला येतात हे कळल्यावर मी त्यांना माझ्या स्कूटरवर आणू-सोडू लागलो. ते यायचे माधवराव धोट्यांकडे. रेल्वेतले निवृत्त इंजिन ड्रायव्हर, बायको गेलेली, दोन खोल्यांत एकटेच. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. अंगाने काटक, बोलायला तुटक. उभ्या नोकरीत एकदाही लाल सिग्नल ओलांडला नाही, हे ते गर्वाने नाही, साध्या हिशेबीपणाने सांगत. सर त्यांची भाजी आणत, डोळ्यांचे थेंब घालत, पंखा दुरुस्त करत. त्यांच्या काठीला त्यांनी धावड्याची मूठ करून दिली होती. दोघे फार बोलत नसत. मी समजून चाललो होतो की जुना घरोबा असेल.

काकाजींचा मुलगा हवाई दलात होता आणि विमान पडून गेला, हे मला शेजाऱ्यांकडून कळलं. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. एका प्रजासत्ताकदिनाआधी गावातल्या शाळेची माणसं काकाजींना शाल-नारळाचं निमंत्रण घेऊन आली, तेव्हा मी तिथेच होतो. काकाजींनी त्यांना पाणी दिलं आणि नाही म्हणाले. माणसं आग्रह करू लागली तसे ते उठून उभे राहिले.

"सरकारनं एवढं मोठं विमान त्याच्या हाती देल्लं, अन् त्यानं थे पाडलं. चौकशीत लिहून आलं हाय, वैमानिकाची चूक. मी कोणत्या तोंडानं शाल घेऊ?"

माणसं निघून गेली. फोटो ट्रंकेत आहे, गोधडीखाली, असं काकाजींनी आपणहून मला सांगितलं. पोरगा होता तोवर जीव की प्राण होता, पण ड्युटीवर चुकलेला ड्रायव्हर तो चुकलेलाच, मग तो आपला का असेना. बाप असून इतका कठोर माणूस मी पाहिला नव्हता. मग लक्षात आलं, ते स्वतःलाच शिक्षा करून घेत होते. सर कोपऱ्यात बसून पंख्याची वायर सोलत होते. त्यांनी सगळी वायर सोलली, तांबं तेवढं उरलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वर्कशॉपात ते घडलं. दुपारचा तास सुटत होता. एका मुलाने कानशीसाठी मूठ केली होती आणि करंगळीला बोचते म्हणून तो मला दाखवत होता. मी कामात होतो. म्हणालो, वापर आठ दिवस, हात बसते. अकोल्याला ऐकलेलं वाक्य माझ्या तोंडी आलं, दुसरं काही नाही. सर स्टुलावरून उठले. त्यांनी मुलाच्या हातून मूठ घेतली आणि माझ्यासमोर आपटली. इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"आत्ता घासून द्या त्याले. आठ दिवस म्हणू नका. पोरगं सांगून राहिलं ना का बोचते? मंग बोचते."

मुलगा घाबरून निघून गेला. सरांनी दार लोटलं, परत स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. इतकं सलग ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते.

नितीन धोटे, काकाजींचा मुलगा, चाचणीच्या तुकडीत होता. सरांनी केलेली नवी डावी मूठ दोन विमानांवर बसवली होती आणि ती वापरून बघायचं काम त्याच्याकडे होतं. बंगलोरात वऱ्हाडी बोलणारा सरांना तोच एक. रविवारी त्यांच्याकडे जेवायला यायचा, भाभींकडून शेवभाजी मागून घ्यायचा. त्या मुठीवर अंगठ्याखाली दोन बटणं होती. एक रेडिओवर बोलायचं, दुसरं वेग तोडायचं. ते दाबलं की विमानाच्या अंगावरची झडप उघडते आणि वेग झपकन उतरतो. पहिल्याच दिवशी खाली उतरून नितीन सरांकडे आला.

"म्हणे, सर, दस्ताना घातला का हे दोन मले एकच वाटते. मी म्हणलं, आठ दिवस वापर, हात बसते. माया बापानं शिकवलेलं, माया रक्तातलं होतं थे. दुसरा कोणी असता तं त्यानं लेखी तक्रार केली असती. हा म्हणे, तुमी म्हणता तं बसन."

मी विचारलं, मग?

"सहावा दिवस होता."

विमान उतरायला वळत होतं. खालून विचारणा झाली. नितीनने उत्तर द्यायला अंगठा दाबला असावा. उत्तर आलं नाही, झडप उघडली. जमीन जवळ होती आणि वेग आधीच कमी होता. चौकशीत सरांना विचारलं गेलं, सरावलेल्या हाताकडून या दोन बटणांत गफलत होऊ शकते का? सर नाही म्हणाले आणि त्याखाली सही केली. खोटं बोललो नाही, ते मला म्हणाले. त्या दिवशी त्यांना खरंच तसं वाटत होतं. हात बसायला हवा होता, बसला नाही, म्हणजे हाताचीच चूक. पुढे काही महिन्यांनी एका दुपारी एकटे असताना त्यांनी स्वतः दस्ताना चढवला, डोळे मिटले, आणि बोलायचं म्हणून वेग तोडायचं बटण दाबलं. तोवर फाईल बंद झाली होती. ती उघडा म्हणून सांगायची हिंमत झाली नाही. हिंमत झाली नाही ती झालीच नाही. शेवटी राजीनामा देऊन इकडे आले.

ती मूठ त्यांनी माझ्याकडून धावड्यात करवून घेतली, आठवणीवरून, केसाचाही फरक न ठेवता. मग कपाटातून जाड दस्ताना काढून माझ्या हातात चढवला आणि डोळे मिटायला लावले. बोलायचं बटण दाबा, मास्तर. मी दाबलं. चुकलं. पुन्हा दाबलं, बरोबर. पुन्हा चुकलं. लाकडात हात घालून माझी हयात गेलेली. दोन्ही बटणं मला एकच लागत होती. या गोष्टीचा मी एकटा साक्षीदार आहे.

मी म्हणालो, काकाजींना सांगा. ते म्हणाले, "त्याच्यासाठीच तं आलो अमरावतीले." आणि येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

पुढचे कितीतरी रविवार ते स्कूटरवर मागे बसून म्हणायचे, आज सांगतो. आणि परतताना गप्प. कधी काकाजींना ताप असायचा, कधी शेजारी बसलेला असायचा, कधी काकाजी चांगल्या मनःस्थितीत असायचे आणि ती मोडवत नसे. मला त्यांचा राग यायला लागला. एक म्हातारा पोराचा फोटो गोधडीखाली ठेवून झोपतो आहे आणि हा माणूस त्याला भाजी नेऊन देतो आहे. एकदा मी रेल्वेच्या फाटकापाशी स्कूटर थांबवून तसं बोललोसुद्धा. ते म्हणाले, बरोबर हाय तुमचं. बस, तेवढंच.

थंडीतल्या एका रविवारी त्यांनी सांगितलं. काकाजी अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. सरांनी ती लाकडी मूठ आणि दस्ताना त्यांच्यापुढे ठेवला आणि पहिल्या दिवसापासून सहीपर्यंत सगळं, काहीही न गाळता, सांगितलं. मी पायरीवर होतो. काकाजींचे हात चालूच होते. शेंग फोडायची, दाणे ताटलीत, टरफल बाजूला. सर म्हणाले, दस्ताना घालून तर पाहा. काकाजींनी तो हलकेच परत सारला.

"सर, तुमी सहा वर्षांपासून येऊन राहिले. माया डोळ्यात औषध टाकलं. गुन्हेगार माणूस असा येते काय? तुमाले माये हाल पाहवत नाही, म्हणून पोराचं पाप आपल्या अंगावर घेऊन राहिले. नका घेऊ. मी थे कवाच कबूल केलं हाय."

सर हमसून म्हणाले, खरं सांगतो, काकाजी. काकाजींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. असा दोस्त भेटला हे पोराचं नशीब, म्हणाले, आणि मला चहा ठेवायला सांगितलं. मी आत जाऊन चहा ठेवला. दुसरं काय करणार होतो? परत येताना सरांचं कपाळ माझ्या पाठीला टेकलेलं होतं. साईनगरला त्यांचं घर येईपर्यंत मी गाडी अगदी हळू चालवली.

त्यांनी मग बंगलोरच्या कार्यालयाला लिहिलं. नितीनची तोंडी तक्रार त्यांनी त्याच दिवशी वहीत टिपली होती आणि ती वही तिथेच राहिली होती. ती काढा, माझा जबाब पुन्हा घ्या, असा चार पानी अर्ज. चारपाच महिन्यांनी दोन ओळी आल्या. चौकशी पूर्ण झालेली असून निष्कर्ष कायम आहे, कागद पाहायला मिळणार नाहीत. सरांनी तो कागद काकाजींना दाखवला. निदान मी अर्ज केला होता हे तरी पटेल, असं त्यांना वाटलं असणार. काकाजींनी चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या आणि म्हणाले, "पाहा. सरकार बी तेच म्हणून राहिलं." कागद घडी घालून त्यांनी परत दिला. त्यानंतर सरांनी तो विषय काढला नाही. रविवारचं येणं थांबवलं नाही. भाजी, थेंब, पंखा. पण वर्गात सरकीच्या थैल्या आणणं बंद झालं, आणि कुणाशी ओळख झाली तर ते लांबूनच मान लववू लागले.

उन्हाळ्यात काकाजी गेले. दोन दिवसांचा आजार. नेसवायला धोतर हवं म्हणून शेजाऱ्यांनी ट्रंक उघडली, तेव्हा गोधडीखालचा फोटो निघाला. गणवेशातला, हसरा, उजवा हात कुठल्याशा विमानाच्या अंगावर टेकवलेला. तेराव्याला मारुतीच्या सभामंडपात शोकसभा ठेवली. त्या वर्षांत आमच्याकडची माणसं शोकसभांना सरावली होती. कुणी किती बोलायचं, रुमाल केव्हा काढायचा, सतरंज्या कुणी गोळा करायच्या, सगळं न सांगता व्हायचं. काकाजींच्या फोटोशेजारी कुणीतरी नितीनचाही ठेवला होता. एक निवृत्त गार्ड बोलले. पोराच्या हातून चूक झाली, तरी बापाने मान खाली घालून जन्म काढला, असा ताठ माणूस होणे नाही, असं म्हणाले. माना हलल्या.

तेव्हा सर उठले. त्यांना बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. हात जोडून ते इतकंच बोलले:

"नितीनची चूक नव्हती. मूठ म्या केल्ती. त्यानं मले सांगतलं होतं, म्या ऐकलं नाही. कागदावर खोटं लिहून हाय, अन् खाली माई सही हाय."

मला वाटलं, आता कुणीतरी विचारेल. काय झालं, कसं झालं, कोणती मूठ. पुढच्या रांगेतले एक म्हातारे ड्रायव्हर डोळे पुसत म्हणाले, काय मोठ्या मनाचा माणूस आहे. बाजूचे म्हणाले, देवमाणूस. हळूहळू सगळी सभा रडू लागली, सरांच्या थोरपणावर. सर उभेच होते. त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं. मी उठायला हवं होतं. दस्ताना मी घातला होता. तीनदा विचारलं तर मी दोनदा चुकलो होतो. एवढं एक वाक्य बोललो असतो तर कदाचित एखाद्याला पटलं असतं. पण मंडपात प्राचार्य बसले होते, अर्धं बडनेरा बसलं होतं, आणि मला वाटलं, आता कुणासाठी? बाप गेला, पोरगा गेला. खरं सांगायचं तर मला लाज वाटली, इतक्या माणसांत उभं राहून बोलायची. मी सतरंजीकडे बघत राहिलो. सर बसले. पुढच्या माणसाने बोलायला सुरुवात केली.

सभा संपल्यावर मी स्कूटर काढून बाहेर थांबलो. सर चपला घालून आले आणि आज पायीच जातो म्हणाले. दोन पावलं गेले आणि थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"मास्तर, तुमाले तरी माहीत हाय ना, खरं काय थे?"

मी हो म्हणालो.

"मंग उठले काहून नाही?"

मी स्कूटरची किल्ली फिरवत राहिलो. त्यांनी मान लववली आणि फाटकाकडे चालू लागले. फाटक बंद होतं, मालगाडी जाऊन ते उघडेपर्यंत सर तिथे उभे होते. पलीकडच्या गर्दीत जाईपर्यंत त्यांची पाठ मला दिसत होती, आणि तेवढा वेळ मला हाक मारता आली असती.